सहवासाचा दाखला

छप्पन्न वर्षांची बाई, निम्मे केस पांढरे, लेकीच्या लेकीला कडेवर घेऊन फिरणारी, आणि आमच्या घरात तिचं नाव काय, तर धाकटी. माझ्या नवऱ्याची ही एकुलती एक बहीण. तो दादा, ती धाकटी आणि मी वहिनी. वयानं मी तिच्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण नात्यानं मोठी म्हणून तिला हक्कानं बोलते आणि ती ऐकून घेते. ती सगळ्यांचंच ऐकून घेते. इतकी भित्री बाई मी जन्मात पाहिली नाही. कुलूप लागलं की नाही ते बघायला ती अर्ध्या रस्त्यातून परत जाणार, आणि पुन्हा निघाली की मघाशी बघितलं ते नीट बघितलं का, म्हणून तिचा जीव खालीवर होणार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. धाकटीच्या मागे तर त्याचं अख्खं कुटुंब लागलेलं असे.

आणि हीच बाई अकरा महिने दर गुरुवारी असं काही करत होती, की ते उघडकीला आलं तर राहत्या घरातून उठावं लागेल आणि लेकीचं, नातीचं तोंड पुन्हा दिसणार नाही, अशी तिला धास्ती होती. ती आपल्या सख्ख्या भावाला भेटायला येत होती.

हे बाहेरच्याला पटायचं नाही. मलाही सुरुवातीला पटलं नव्हतं, कारण मी बाहेरचीच. ही दोघं भावंडं एका मंडळीत जन्मली. मंडळी म्हणजे प्रार्थनाघर, त्याच्यामागे राहायच्या खोल्या, कारभार बघणारे पाच ज्येष्ठ, आणि नव्वद नियमांचं एक पुस्तक. नियम लिहिणारे संस्थापक कधीच गेले, पण जाताना असली जड भाषा ठेवून गेले की वाचताना जीभ अडखळते. त्यातला एकेचाळिसावा नियम तीनच शब्दांचा आहे: त्यक्ताचा सहवास वर्ज्य. त्यक्त म्हणजे ज्याचं नाव मंडळीनं कापलं तो. दादाचं नाव तीस वर्षांपूर्वी कापलं गेलं. माझ्याशी लग्न केलं म्हणून नव्हे. बाहेरची बायको चालते, पण लग्नानंतर एक माफीचं पत्र लिहायचं असतं, ते दादानं लिहिलं नाही. 'कशाची माफी?' एवढंच त्यानं विचारलं. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. आता मनात येतं, चार ओळी खरडल्या असत्या तर काय बिघडलं असतं.

एकोणतीस वर्षं ही भावंडं बोलली नाहीत. रस्त्यात आम्ही दिसलो की धाकटी पलीकडच्या फुटपाथवर जायची. मी मनातल्या मनात तिला शिव्या घालायची, दादा मात्र म्हणायचा, 'बिचारी लांब जाताना धडपडेल कुठेतरी.'

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली ती घेऊन मी पहिलं दिसलं त्या औषधाच्या दुकानात शिरले आणि काउंटरमागे धाकटी उभी. ती तिथं वीस वर्षं कामाला होती, हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर होतं कुणाचं? तिनं चिठ्ठीवरचं नाव वाचलं. गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. सकाळच्या कोणत्या, रात्रीच्या कोणत्या ते प्रत्येक पाकिटावर लिहिलं. पाकिटं माझ्याकडे सरकवताना खाली बघूनच म्हणाली, "गुरुवारी आमचं दुकान बंद असतं."

मला वाटलं, गुरुवारी येऊ नकोस असं सांगतेय. गुरुवारी दुपारी ती आमच्या दारात उभी होती.

मंडळीच्या माणसानं माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला भेटायला हरकत नसते. म्हणून ती मला भेटायला येत होती, असं तिचं तिनं ठरवलेलं. मी घरी बॅगांच्या चेन आणि पट्टे दुरुस्त करून देते. धाकटी येताना तपकिरी रंगाची एक हातबॅग घेऊन यायची आणि जिन्यातच मोठ्यानं म्हणायची, "वहिनी, चेन पुन्हा बिघडली बघा." अकरा महिन्यांत मी त्या एका बॅगेची धडधाकट चेन चाळीसेक वेळा दुरुस्त केली. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला तिला अजिबात नव्हती. चपला दाराबाहेर काढायची नाही, पिशवीत घालून आत आणायची, आणि मग त्या पिशवीत आहेत हे विसरून घरभर शोधायची. दादा तोंडाच्या डाव्या बाजूनं हसायचा.

आली की आधी गोळ्यांची डबी उघडायची. सात खणांची, आठवड्याची डबी. एकेका खणात गोळी टाकताना तिचे ओठ हलायचे. डबी बंद झाली की दादाच्या उजव्या हाताची नखं कापायची, कारण तो हात त्याला उचलता येत नव्हता आणि मी कापलेली त्याला आवडत नव्हती. मी घाई करते म्हणे. मग सगळं काम संपायचं आणि ती नुसती बसायची. खुर्चीच्या कडेवर, दाराकडे तोंड करून. खाली कुणी जिना चढायला लागलं की तिचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं, पावलं वरच्या मजल्यावर गेली की तिथूनच पुढे सुरू व्हायचं. अर्धा तास झाला की उठायची.

"अगं, पाच मिनिटं बस अजून," दादा म्हणायचा.

"नको, कुणी बघेल."

"अर्धा तास बसलीस तेव्हा कुणी बघितलं नाही?"

यावर ती एवढी घाबरायची की पुढच्या गुरुवारी येईल की नाही याची मला धास्ती वाटायची. पण यायची. झटक्यानंतर दादाचा वारांचा हिशेब सुटला होता. धाकटी आली की गुरुवार, एवढं मात्र त्याला पक्कं कळायचं.

आता तिचं दुसरं काम सांगते, कारण घात तिथंच झाला.

नियमांचं पुस्तक दर सात वर्षांनी नव्यानं छापतात आणि त्याच्या शेवटी कठीण शब्दांचे अर्थ असतात. हे अर्थ लिहायचं काम मागच्या दोन छपायांपासून धाकटीकडे होतं. झालं असं, की दुकानात म्हाताऱ्या माणसांना ती औषध समजावून सांगायची ते ज्येष्ठांपैकी कुणीतरी ऐकलं. जेवणानंतर म्हणजे हात धुतल्यावर लगेच, झोपायच्या वेळी नाही. गरज पडल्यास म्हणजे दुखलं तर, दुखेल असं वाटलं तर नाही. ज्येष्ठ म्हणाले, जिला डॉक्टरांचं अक्षर लागतं तिला आमच्या संस्थापकांची भाषा लागायला काय हरकत आहे? हिनं भीतीनं नाही म्हटलं नाही आणि नंतर भीतीनं ते काम जीव ओतून केलं.

मंडळीत अर्थ लिहायची एक जुनी रीत आहे. नुसता अर्थ चालत नाही, त्याखाली दाखला लागतो. म्हणजे खरी घडलेली एक गोष्ट, आणि तीही अर्थ लिहिणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. दाखल्यात नाव घालायचं नाही आणि तो कुणाचा हे कुणी विचारायचंही नाही. ही गोष्ट मला त्या मंडळीत सगळ्यात सभ्य वाटते. छापायच्या आधी वाचनाचा दिवस असतो. प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर अर्थ आणि दाखला वाचायचा. मोठे ज्येष्ठ विचारतात, हे तुम्ही पाहिलंत? मग बसलेल्यांना तीनदा विचारतात, आणखी कुणी पाहिलंय? दुसरं एक माणूस तरी उभं राहिलं तर अर्थ पुस्तकात जातो. कुणीच उठलं नाही तर नवा अर्थ पडतो, जुना कायम राहतो, आणि तो शब्द पुढच्या छपाईपर्यंत, म्हणजे सात वर्षं, कुणी उघडायचा नाही. त्या घरात खोटं बोललं किंवा पाहिलेलं असून गप्प बसलं, तर बोलणाऱ्याचं आणि गप्प बसणाऱ्याचं स्वतःचंच नाव कापलं जातं.

मागच्या खेपेला धाकटीनं 'प्रमाद' या शब्दाचा अर्थ लिहिला होता: चुकून नव्हे, आळसानं केलेली चूक. दाखला असा, की एका दुकानदारानं मुदत संपलेली बाटली उद्या काढू म्हणून फळीवर तशीच ठेवली. नाव नव्हतं, पण मंडळीत औषधाचं दुकान एकाचंच. मालक दोन महिने तिच्याशी कामापुरतं बोलत होता.

या खेपेला एकेचाळिसावा नियम अडला. फरशा बसवणारा एक माणूस आहे मंडळीत. त्याचा मुलगा त्यक्त. दोघं इस्पितळात योगायोगानं एकाच रांगेत पुढेमागे आले आणि पाव तास तिथं उभे राहिले. बोलले की नाही कुणाला माहीत नाही, पण कुणीतरी पाहिलं. आता हा सहवास झाला का? जुना अर्थ होता, 'एका घरात राहून संसार करणे.' त्या अर्थानं फरशीवाला मोकळा होता, आणि खरं तर धाकटीही, पण तो अर्थ कधी आवळला जाईल याचा नेम नाही म्हणून त्यक्तापासून सगळेच लांब राहत. पण मोठ्या ज्येष्ठांना तो अर्थ फार सैल वाटत होता. हे मोठे ज्येष्ठ घड्याळं दुरुस्त करतात. एक डोळा कायम बारीक करून बघतात, भिंग लावलेलं नसतानाही.

ते दुकानात आले तेव्हा तिथं गिऱ्हाईक नव्हतं. हे धाकटीनंच मला नंतर सांगितलं.

"सहवास हा शब्द यंदा उघडायचा आहे," ते म्हणाले. "पहिला मान तुमचा. तुम्हाला जमणार नसेल तर मी लिहीन. माझा अर्थ तयार आहे. त्यक्त दिसल्यावर तिथून न हलणं, म्हणजे सहवास. दाखलाही आहे आणि दुसरा साक्षीही आहे."

"मी... विचार करून सांगते."

"करा ना. तुमच्याकडे दाखला असेल तर सांगा. पाहिलेला हवा बरं का." आणि जाता जाता म्हणाले, "गुरुवारी दुकान बंद असतं नाही का तुमचं? वेळ मिळेल तुम्हाला."

या शेवटच्या वाक्यानं तिच्या तोंडचं पाणी पळालं. दुकान गुरुवारी बंद असतं हे पाटीवर लिहिलंय, अख्ख्या गावाला माहीत आहे. पण तेच वाक्य त्यांनी का म्हटलं? साधं म्हटलं, की कळलं म्हणून म्हटलं? ती त्या गुरुवारी आमच्याकडे आली तेव्हा डबीत मंगळवारच्या खणात दोनदा तीच गोळी पडली. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मी ती काढली आणि तिला पाणी दिलं.

"काम सोडून दे," दादा म्हणाला. "नाही जमत म्हण."

"मी सोडलं की ते लिहिणार. मग जिन्यात एक मिनिट थांबणंसुद्धा सहवास. फरशीवाल्याचं नाव कापतील. आणि दादा, मग माझं..." तिच्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक, जावई, दहा महिन्यांची नात आणि ही, असे चौघं प्रार्थनाघरामागच्या दोन खोल्यांत राहत. नाव कापलं गेलं की संध्याकाळपर्यंत खोली सोडायची. आणि लेकीलाच मग आईला बघून फुटपाथ बदलावा लागला असता.

"मग तूच लिही काहीतरी गुळमुळीत," दादा म्हणाला.

"दाखला लागतो. पाहिलेला. त्यक्ताबरोबरचा सहवास मी दुसरा कुठला पाहिलाय?"

इथं मी तोंड घातलं. माझं डोकं अशा वेळी फार चालतं, आणि ते चालतं याचा मला फार अभिमान होता. मी म्हटलं, "मग हाच लिही. तुझाच गुरुवार. नाव घालायचं नसतं, कुणी विचारायचं नसतं. तू पाहिलंस हे खरंच आहे. मग ते विचारणार, आणखी कुणी पाहिलंय? पाहिलंय कुणी? मी आणि दादा. मी बाहेरची, मला उभं राहता येत नाही. दादाला आत पाऊल टाकता येत नाही. कुणीच उठणार नाही. अर्थ पडेल, जुना राहील, सात वर्षं शब्दाला कुलूप. फरशीवाला सुटला, तू सुटलीस. सुंठीवाचून खोकला गेला."

तिनं बोटांवर सगळं पुन्हा मोजून बघितलं. "म्हणजे मी खोटं नाही ना बोलणार?"

"एक अक्षर खोटं नाही."

"आणि कुणी पाहिलं असेल तर?"

"कोण पाहणार? चपलासुद्धा पिशवीत घालून आणतेस तू."

ती उठून खिडकीशी गेली आणि पडद्याच्या कडेनं खाली बघून आली. समोर मुलांच्या दवाखान्याची इमारत, खाली सायकली, एक भाजीची गाडी. "लेकीला सांगू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "अजिबात नको. तिला माहीत असलं आणि विचारलं तर ती काय करेल?" लेक बालवाडीत शिकवते. आईच्याच वळणाची, पण भित्री नाही. सरळ उभी राहणारी मुलगी.

वाचनाला सहा आठवडे होते. ते कसे गेले ते मी बघितलं. धाकटी वाळत चालली. मोठे ज्येष्ठ दुकानासमोरच्या बाकावर दोनदा बसलेले दिसले, तर तिच्या पाचावर धारण बसली. ते बसची वाट बघत होते, हे बस आल्यावर कळलं. लेकीनं एकदा जेवताना 'आई, तुझी बॅग नवीन घेऊ या का, सारखी चेन बिघडते' म्हटलं, तर हिला घास गिळवेना. त्यात काही होतं का नुसतीच माया होती, याचा विचार करत ती पहाटेपर्यंत जागी. तरीही गुरुवार एकही चुकला नाही. मी म्हटलं, सहा आठवडे येऊ नकोस. ती म्हणाली, "मग दाखला खोटा होईल. दर गुरुवारी असं लिहिलंय मी."

अर्थ पडणारच आहे तर काहीही लिही, असंही मी म्हटलं होतं. पण ते तिला जमण्यातलं नव्हतं. ती बारा दिवस एका वाक्यावर बसली. औषधाच्या पाकिटांच्या मागे लिहायची, खोडायची.

वाचनाच्या दिवशी प्रार्थनाघराची दारं बाहेरच्यांनाही उघडी असतात. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. दादाजवळ शेजारणीला बसवून आले होते. खोली साधीच, उंच खिडक्या, लाकडी बाकं, पुढे एक मेज. पुढे डाव्या बाजूला फरशीवाला बसला होता, मान खाली, नखांत सिमेंट. त्याच्या मागे दोन ओळी सोडून धाकटीची लेक, मांडीवर झोपलेली पोर. आधी सात-आठ शब्द झाले, त्यांना साक्षी पटापट मिळाले. मग धाकटी उठली. हातातला कागद सरळ आहे की उलटा ते तिनं दोनदा बघितलं.

"सहवास," ती वाचायला लागली. "ठरवून, पुन्हा पुन्हा, एखाद्याजवळ जाऊन बसणे."

फरशीवाल्यानं मान वर केली.

"दाखला. एक बहीण दर गुरुवारी आपल्या त्यक्त भावाकडे जाते. त्याच्या गोळ्या भरून ठेवते, त्याची नखं कापते. हे काम आहे, हा सहवास नव्हे. काम संपल्यावर ती अर्धा तास त्याच्याजवळ नुसती बसते. तो अर्धा तास म्हणजे सहवास."

गोळ्या हा शब्द निघाला तेव्हाच सगळ्यांना कळलं असणार. पण विचारायचं नसतं. सगळे समोर बघत बसले, आणि मला प्रथमच वाटलं की आपण या बाईला फार मोठ्या धोक्यात घातलंय. आधी लपलेलं होतं, आता उघड्यावर आणून ठेवलं, आणि वर एका रीतीचं पातळ पांघरूण.

"हे तुम्ही पाहिलंत?" मोठ्या ज्येष्ठांनी विचारलं.

"पाहिलं."

"आणखी कुणी पाहिलंय?"

कुणी नाही. मी बाकाची कड धरून बसले होते.

"आणखी कुणी पाहिलंय?"

पुढे कुणीतरी खोकलं आणि मी मान उंच करून बघितलं. धाकटी कागदाकडे बघत होती. तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत नव्हता, पण ती पदरानं तो पुसत होती. एकदाच आता, मी मनात म्हटलं, एकदाच.

"आणखी कुणी पाहिलंय?"

"मी पाहिलंय."

लेक उभी होती. पोर खांद्यावर घेतलेली, चेहरा पांढरा.

"काय पाहिलंस?"

"बहीण भावाची नखं कापते. मग बसते. ते दोघं फार बोलत नाहीत."

"कुठून पाहिलंस?"

"मुलांच्या दवाखान्याच्या जिन्यातून. बाळाला लस टोचायला गेले होते. समोरची खिडकी दिसते तिथून." ती थांबली. "नंतर पण पाहिलंय. पाच वेळा."

मोठ्या ज्येष्ठांनी बारीक डोळा आणखी बारीक केला. त्यांना काय काय विचारायचं होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण रीत त्यांनाही मोडता येत नव्हती. त्यांनी अर्थ पुस्तकात घ्यावा असं सांगितलं, आणि वर म्हणाले, "अर्थ स्पष्ट आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे." त्यांनी तो खुशीनं मान्य केला, कारण त्यांना जे हवं होतं ते त्यात होतंच, एका रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला सोडून. फरशीवाला धाकटीसमोर येऊन हात जोडून उभा राहिला. ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

अंगणात मायलेकी भिंतीकडेला उभ्या होत्या. मी जवळ गेले.

"बसून राहिली असतीस तर पडला असता गं तो अर्थ," धाकटी म्हणत होती. रागानं नाही, दमून.

"पडला असता?" लेकीला कळेना. "आई, तू एकटी उभी होतीस तिथं. कुणीच उठत नव्हतं. मला वाटलं, सगळे म्हणतील की हिनं खोटं लिहिलं. मी पाच महिने वाट बघत होते तू मला कधी सांगशील याची. आज तू सगळ्यांसमोर सांगितलंस, आणि मी बसून राहू?"

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. लेकीला सांगू नकोस, हे मी सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. पोर जागी झाली आणि आजीकडे झेपावली. धाकटीनं तिला घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. मी दादाकडे परत आले. काय झालं असं त्यानं विचारलं तेव्हा, पुढे ढकललं, म्हणून सांगितलं.

झाल्या गोष्टीची शिक्षा कुणाला झाली नाही, होऊच शकत नव्हती. बहीण कोण हे कुणी विचारलं नाही, आजही विचारत नाही. पण पुस्तक दीड महिन्यानं छापून आलं आणि त्या दिवसापासून सहवासाचा तोच अर्थ सगळ्यांना लागू झाला. आता कुणी पुन्हा पाहिलं तर तो दाखला नसता, गुन्हा असता. आणि विचारलं असतं तर लेकीला पुन्हा उभं राहावं लागलं असतं, आईचं नाव कापायला. मी धाकटीला म्हटलं, वार बदल, ठरवू नकोस, सहज ये. ती म्हणाली, "मनात ठरवलं की ठरवलंच झालं ना, वहिनी. मीच लिहिलंय."

शेवटच्या गुरुवारी ती आली, डबी भरली, नखं कापली, बसली. दादाला काही सांगितलं नाही. मी सांगते म्हटलं तर माझ्यावर डोळे वटारले, आयुष्यात पहिल्यांदा. जाताना दारातून दोन वेळा मागे आली. एकदा डबीचं झाकण बघायला, एकदा काही नाही.

आता दर आठवड्याला मी औषधाच्या दुकानात जाते. गिऱ्हाइकाशी बोलायला बंदी नाही. ती पाकिटं काढते, मालक मागच्या टेबलावर बसून ऐकत असतो.

"पेशंट कसे आहेत?" ती विचारते.

"ठीक आहेत."

"पेशंटला झोप लागते? पाय सुजत नाहीत ना?"

मी सांगते. नखं मी कापते, घाई न करता, तरी त्याला आवडत नाही, हेही सांगते. ती पाकिटावर लिहीत राहते. मान खाली, अक्षर पूर्वीसारखंच टपोरं.

मागच्या सोमवारी तिनं आवाज एकदम बारीक करून विचारलं, "पेशंट काही विचारतात का?"

मी मालकाकडे बघितलं. तो फोनवर होता. "गुरुवारी विचारलं, आज वार कोणता म्हणून. दुपारी दाराकडे तोंड करून बसले होते."

"मग?"

"बुधवार सांगितलं मी. काय करणार? त्याच्या आधीच्या गुरुवारीही बुधवारच सांगितला होता."

तिचं पेन थांबलं. वीस वर्षं ती त्या काउंटरवर उभी आहे. एक गोळी इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्या घरात एक अक्षर खोटं बोलली नाही. तिनं पाकिटांना रबर लावलं, ती माझ्याकडे सरकवली आणि पाकिटांवरचा हात तसाच ठेवला.

"बुधवारच सांगत जा, वहिनी," ती म्हणाली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळून तिनं चिठ्ठीसाठी हात पुढे केला.